पाउंड, पाउंड्स, क्विड की नुसतं पी: इंग्लंडला येण्याआधी पैशाचं इंग्रजी असं शिका

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर लेस्टरला आले आणि पहिली दोन वर्षं एका छोट्या दुकानात टिलवर काम केलं, टिल म्हणजे आपला गल्ला. इंग्रजी माझं बरं होतं, कॉलेजात इंग्रजीतूनच शिकले होते, पण पैशाचं इंग्रजी हा वेगळाच विषय आहे हे पहिल्याच आठवड्यात कळलं. एक आजोबा आले, हातात नोट, म्हणाले टेनरचे दोन फायव्हर देतेस का, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मागे रांग वाढत चालली होती. शेवटी त्यांनीच बोटं दाखवून सांगितलं, दहाची नोट घे आणि पाचच्या दोन दे. आता दरवर्षी सप्टेंबरात ओळखीतली कुणाची ना कुणाची मुलं शिकायला येतात आणि सगळी ह्याच जागी अडखळतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढते.

सगळ्यात आधी एस चं बघू, कारण मराठी माणसाची नव्वद टक्के गडबड तिथेच होते. आपण मराठीत बोलताना पाच पाउंड, दहा डॉलर असंच म्हणतो, इंग्रजी शब्द मराठीत आला की त्याचं अनेकवचन आपण करत नाही, आणि तीच सवय इंग्रजी बोलताना येते. रक्कम सांगायची असेल तर एक पाउंडच्या वर सगळीकडे पाउंड्स. फाइव्ह पाउंड्स, ट्वेंटी पाउंड्स. उच्चारात शेवटचा स नसतो, झ कडे झुकतो, पाउंड्झ. पण नोट किंवा नाणं म्हणायचं असेल तर एस गेला, टेन-पाउंड नोट, टू-पाउंड कॉइन. टेन पाउंड्स नोट कधीच नाही. आता हे पाठ करत बसू नका, मला एक सोपी खूण सापडली आहे आणि ती मराठीतच आहे. आपण रक्कम सांगताना म्हणतो दहा रुपये. पण नोट म्हणताना? दहा रुपयाची नोट. शंभर रुपयाची नोट, पाच रुपयाचं नाणं. बोलताना सगळे रुपयाची असंच म्हणतात, म्हणजे एकवचनाचं रूप. तर जिथे तोंडात रुपये येतं तिथे पाउंड्स, आणि जिथे रुपयाची किंवा रुपयाचं येतं तिथे नुसतं पाउंड. ही खूण मी भाच्याला सांगितली आणि त्याचं परत चुकलं नाही.

दोन ठिकाणी मात्र ही खूण फसते तेवढं लक्षात ठेवा. एक म्हणजे आपण म्हणतो दहा रुपयाची कोथिंबीर द्या, तिथे इंग्रजीत टेन-पाउंड कोरिअँडर होत नाही, टेन पाउंड्स वर्थ ऑफ असं म्हणावं लागतं, पेट्रोल भरताना हे हमखास लागतं, ट्वेंटी पाउंड्स वर्थ. दुसरं क्रियापदाचं. मराठीत पन्नास रुपये खूप झाले, वीस रुपये पुरतील, सगळं अनेकवचन. इंग्रजीत पूर्ण रक्कम ही एकच गोष्ट धरतात, म्हणून फिफ्टी पाउंड्स इज अ लॉट, ट्वेंटी पाउंड्स इज इनफ. इज ऐवजी आर म्हटलंत तर कोणी हसणार नाही, पण लिहिताना चूक दिसते.

आणि इथे येऊन कान उघडे ठेवलेत की तुम्हाला गंमत दिसेल, इथली माणसं स्वतःच बिनधास्त टेन पाउंड, फाइव्ह पाउंड म्हणतात, एस न लावता. लेस्टरच्या बाजारात फळवाले ओरडायचे, पाउंड अ बोल, पाउंड अ बोल, म्हणजे स्टीलच्या वाडग्यात केळी, टोमॅटो, मिरच्या जे काही असेल ते एक पाउंडला एक वाडगं. आणि भाव सांगताना टू पाउंड फॉर द लॉट. ते चुकीचं बोलत नाहीत, ती त्यांची बोली आहे, जसं सांगलीत आपण जे बोलतो ते पुस्तकात नसतं पण म्हणून चूक नसतं. तुम्ही ऐकून घ्या, पण स्वतः सुरुवातीला पाउंड्सच म्हणा, परीक्षेत, ऑफिसात, ईमेलमध्ये तर पाउंड्सच.

आता भाव ऐकण्याचं, हे बोलण्यापेक्षा अवघड आहे. वस्तूवर दोन पाउंड पन्नास लिहिलंय, तर टिलवरची बाई काय म्हणेल? टू पाउंड्स फिफ्टी म्हणेल, टू पाउंड फिफ्टी म्हणेल, आणि बहुतेक वेळा नुसतं टू फिफ्टी म्हणेल. पाउंड शब्दच गायब. वन नाइंटी-नाइन, थ्री ट्वेंटी, सिक्स फॉर्टी असं फक्त आकड्यांवर चालतं. टू पॉइंट फाइव्ह पाउंड्स असं दुकानात कोणी म्हणत नाही, ते गणिताच्या वर्गात. आणि टू पाउंड्स अँड फिफ्टी पेन्स असं पूर्ण म्हटलंत तर चूक नाही पण इतकं लांबण कोणी लावत नाही. गंमत अशी की टू फिफ्टी म्हणजे दोनशे पन्नासही होतात. आमच्या ओळखीतला एक मुलगा खोली बघायला गेला, घरमालक म्हणाला फोर फिफ्टी, बिल्स इन्क्लूडेड, आणि ह्याने आधीच्या तासात चार पाउंड पन्नासचं सँडविच घेतलेलं, त्याला क्षणभर काही कळेना. अर्थ संदर्भाने घ्यायचा, खोली असेल तर शेकडा, सँडविच असेल तर पाउंड. आणि शंका आली की सरळ विचारा, फोर हंड्रेड अँड फिफ्टी? त्यात काही लाजायचं नाही. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी ह्यातही असंच, इथे बोलताना आवाज खाली जातो शेवटी, मी तर पहिले कित्येक महिने स्क्रीनवरचा आकडा बघूनच पैसे घ्यायची आणि द्यायची.

पेनी, पेन्स, पेनीज आणि पी

एक पाउंड म्हणजे शंभर पेन्स, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण पेनीची दोन अनेकवचनं आहेत आणि दोघांचं काम वेगळं. किती पैसे झाले हे सांगायचं तर पेन्स, थर्टी पेन्स, सेव्हंटी-फाइव्ह पेन्स. नाणी मोजायची, म्हणजे ती तांब्याच्या रंगाची छोटी एक पेनीची नाणी, तर पेनीज. माझ्या पर्समध्ये आठ पेनीज आहेत म्हणजे आठ नग. एटीन पेन्स म्हणजे रक्कम, ती दहा, पाच, दोन आणि एक अशी कशीही असू शकते. आणि एकच असेल तर वन पेनी, वन पेन्स म्हणणारे इथेही भेटतात पण ते व्याकरणात बसत नाही, तुम्ही म्हणू नका.

बोलताना मात्र पेन्सही कमी ऐकू येतं, सगळे पी म्हणतात. फिफ्टी पी, ट्वेंटी पी. ह्या पी ला एस लागत नाही. ट्वेंटी पी चं नाणं आणि फिफ्टी पी चं नाणं दोन्ही सात बाजूंची आहेत, अंधारात हाताला कळतात, फिफ्टी मोठं. एक पाउंडचं नाणं बारा बाजूंचं आहे, ते २०१७ साली आलं, त्याच्या आधीचं गोल होतं आणि ते ऑक्टोबर २०१७ पासून दुकानात चालत नाही. कुणा मामाकाकांनी जुन्या ट्रिपमधली नाणी दिली असतील तर तपासून घ्या. नोटांचंही तसंच, आता पाच, दहा, वीस, पन्नास सगळ्या प्लॅस्टिकच्या आहेत, कागदाची वीस आणि पन्नासची नोट ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात घेत नाहीत. फेकू नका, बँक ऑफ इंग्लंड जुन्या नोटा बदलून देते, पण खर्चाला म्हणून त्या आणू नका.

आता लिहिण्याचं. चिन्ह आधी, आकडा नंतर, मध्ये जागा नाही: £५०. आणि चिन्ह लिहिलं की शब्द नाही, दोन्ही लिहिलं तर वाचताना पाउंड फिफ्टी पाउंड्स असं होतं. चिन्ह आधी असलं तरी वाचताना शब्द शेवटीच. £३ मिलियन असं छापलं असेल तर वाचायचं थ्री मिलियन पाउंड्स, थ्री पाउंड मिलियन नाही, आणि थ्री मिलियन्स तर नाहीच. पाउंडपेक्षा कमी रक्कम असेल तर नुसता आकडा आणि पुढे पी, किंवा पाउंडचं चिन्ह आणि शून्य दशांश, दोनपैकी एकच, चिन्हही आणि पी पण असं दोन्ही नको. आणि आपली लाखाची स्वल्पविरामं विसरा. आपण एक लाख लिहिताना १,००,००० लिहितो, इथे १००,०००, आणि वन लाख पाउंड्स म्हटलं तर समोरच्याला काही कळत नाही. अर्थात आमच्या लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर गुजराती दुकानात लाख चालतो, पण बँकेत मॉर्गेजचं बोलताना हंड्रेड थाउजंड म्हणायला लागतं.

आणखी एक सवय मोडा, आकड्यापुढे रेघ मारून आडवी दांडी द्यायची, ५०१/- अशी, जी आपण आहेराच्या पाकिटावर आणि पावतीवर सगळीकडे करतो. मी इथे सुरुवातीला भाड्याच्या पावतीवर तसं लिहिलं तर घरमालकाने विचारलं हे काय. खरं तर ही खूण त्यांच्याच जुन्या पद्धतीतली आहे, पूर्वी इंग्लंडात शिलिंग नावाचं पाउंडाहून लहान नाणं होतं, ५/- असं लिहिलं की पाच शिलिंग आणि वर पेनी काही नाही असा अर्थ व्हायचा. इथे शिलिंग गेले तशी ती रेघही गेली, आणि आपण अजून लग्नाच्या पाकिटावर जपून ठेवली आहे! मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, उगीच.

नावाचा अर्थ

शब्दाचा अर्थ माहीत असला की वापर डोक्यात बसतो असं माझं मत आहे म्हणून हे थोडं सांगते. पाउंड हे मुळात वजनाचं नाव. लॅटिनमध्ये लिब्रा पोंडो म्हणजे वजनाने एक लिब्रा, त्यातल्या पोंडोवरून इंग्रजीत पाउंड आला आणि लिब्रा खुणेत राहिला. पाउंडचं ते वळणदार चिन्ह म्हणजे लिब्रामधलं एल अक्षर आणि त्यावर आडवी रेघ. वजनाच्या पाउंडला एलबी लिहितात तेही त्याच लिब्राचं. आणि लिब्रा म्हणजे काय, तर तराजू, इंग्रजी राशीभविष्यात जी लिब्रा ती आपली तूळ. म्हणजे £ हे चिन्ह काढताना तुम्ही तूळ राशीचंच पहिलं अक्षर काढताय. इटलीचा जुना लिरा पण ह्याच घरातला.

फार पूर्वी, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वी, इंग्लंडात एक पाउंड चांदीतून २४० पेनी पाडायचे. त्यामुळे पाउंड म्हणजे २४० पेनी हे गणित पक्कं झालं, आणि ते थेट १९७१ पर्यंत चाललं. बारा पेनीचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पाउंड. १५ फेब्रुवारी १९७१ ला ते बदलून शंभर पेन्सचा पाउंड केला. आपल्याकडे हे आधी झालं, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा, त्याच्या आधी बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. आपल्या आजीआजोबांनी पै, आणे केले तसेच इथल्या आजीआजोबांनी पेनी, शिलिंग केले. म्हणूनच दुकानात येणारी ऐंशीच्या घरातली माणसं मला शिलिंगच्या गोष्टी सांगायची आणि मी त्यांना आण्याच्या, कारण माझी आजी शेवटपर्यंत चार आणे, आठ आणे म्हणायची. रुपयाचं नावही चांदीवरूनच, संस्कृत रूप्य. दोन्ही चलनांच्या नावात आता हाताला न लागणारी चांदी आहे.

स्टर्लिंग हा शब्द कुठून आला ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण नॉर्मन काळातल्या पेनीवर छोटा तारा असायचा, त्यावरून छोटा तारा अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला असं बरेच जण मानतात. सोनाराकडे स्टर्लिंग सिल्व्हर म्हणतात ती ९२.५ टक्के चांदी. रोजच्या बोलण्यात स्टर्लिंग लागत नाही, बाजारात कोणी फाइव्ह स्टर्लिंग म्हणणार नाही. तो शब्द बातम्यांचा आणि बँकेचा. पूर्ण नाव पाउंड स्टर्लिंग, आणि त्याचं अनेकवचन पाउंड्स स्टर्लिंग, एस मधल्या शब्दाला. चलन म्हणून बोलायचं तर द पाउंड, एकवचन आणि आधी द, द पाउंड फेल अगेन्स्ट द डॉलर. स्टर्लिंगच्या आधी मात्र द नाही, नुसतं स्टर्लिंग फेल. बँकेच्या फॉर्मवर जीबीपी असतं, जीबी म्हणजे ग्रेट ब्रिटन आणि पी पाउंडचा. हा कोड कॉन्ट्रॅक्टमध्ये, इन्व्हॉइसमध्ये आकड्याच्या आधी लिहायचा, पण तोंडाने फिफ्टी जीबीपी म्हणू नका, आयटीवाल्या मुलांना ही सवय असते, मी माझ्या दिराला पण टोकलं आहे त्यावरून. आणि ब्रिटिश पाउंड असंही इंग्लंडमध्ये राहून कोणी म्हणत नाही, बाहेरच्या माणसाला सांगताना म्हणतात कारण पाउंड दुसऱ्या देशांचाही आहे, इजिप्त, लेबनॉन, सिरिया, सुदान ह्यांच्या चलनाला इंग्रजीत पाउंडच म्हणतात. परदेशी चलन घेणाऱ्या-विकणाऱ्या लोकांमध्ये पाउंड-डॉलरच्या दराला केबल म्हणतात, एकोणिसाव्या शतकात अटलांटिक समुद्राखालून तार टाकली आणि त्यावरून दर पाठवायला लागले म्हणून. मुंबईत बँकेत काम करणाऱ्यांना हे कामी येईल.

स्कॉटलंडला फिरायला गेलात तर तिथल्या नोटा वेगळ्या दिसतील, तिथल्या तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात. पाउंड तोच, किंमत तीच. त्याला स्कॉटिश पाउंड म्हणू नका, असं वेगळं चलन नाही, स्कॉटिश नोट म्हणा. इंग्लंडात परत आल्यावर एखादा दुकानदार ती नोट उलटसुलट करून बघतो, कधी नकोही म्हणतो, म्हणून तिकडची तिकडेच खर्च करा.

क्विड आणि त्याची भावंडं

क्विड म्हणजे पाउंडच, आपण जसं बोलताना पाच रुपडे म्हणतो तसं, पण त्याहून खूप जास्त वापरतात. आपल्याकडे त्या नावाची गाडी आहे, तिचं स्पेलिंग वेगळं, ती डोक्यातून काढा. क्विडला एस लागत नाही, वन क्विड, टेन क्विड, हंड्रेड क्विड. एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ, कारण टेन क्विड्स म्हटलं की लगेच कळतं माणूस नवा आहे. एस फक्त एका जागी येतो, क्विड्स इन, म्हणजे फायद्यात. गोल रकमेला क्विड जास्त जातं, टेन क्विड, फिफ्टी क्विड, अ कपल ऑफ क्विड. मित्रांत, शेजारी, टॅक्सीत, दुकानात चालतं, बँकेत, इंटरव्ह्यूला, प्रोफेसरला लिहिताना नको. मी स्वतः क्विड म्हणायला चार महिने घेतले, तोंडात बसेना, मग एके दिवशी आपोआप आलं.

फायव्हर म्हणजे पाचची नोट किंवा पाच पाउंड, टेनर म्हणजे दहा. ह्यांना एस लागतो, टू फायव्हर्स, थ्री टेनर्स. वीसला ट्वेंटर असं काही नसतं, अ ट्वेंटी म्हणतात. ग्रँड म्हणजे हजार, फाइव्ह ग्रँड, परत एस नाही. लंडनमध्ये जुन्या लोकांच्या बोलण्यात पोनी म्हणजे २५ आणि मंकी म्हणजे ५०० असं ऐकू येतं, मंकीबद्दल एक गोष्ट फिरते की ब्रिटिश राजवटीतल्या आपल्या ५०० रुपयाच्या नोटेवर माकड होतं म्हणून, ती दंतकथा आहे, कोणी सांगितली तर विश्वास ठेवू नका. हे दोन शब्द स्वतः वापरायची काही गरज नाही. बॉब म्हणजे शिलिंग, तो गेला पण अ बॉब ऑर टू म्हणजे बऱ्यापैकी पैसा असा अर्थ अजून चालतो.

आणि हे नक्की ऐकाल: लेंड अस अ फायव्हर. तिथे अस म्हणजे आम्हाला नाही, मलाच. एकटाच माणूस उधार मागतोय. मी आधी मागे वळून बघितलं होतं दुसरा कोण आहे.

गिनी हा शब्द आपल्या आजीच्या पिढीला माहीत असतो, सोन्याच्या ब्रिटिश नाण्याला आपल्याकडे सर्रास गिनी म्हणायचे. मूळ गिनी इंग्लंडात १६६३ पासून पाडायला लागले, सोनं आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरून यायचं म्हणून ते नाव, आणि नंतर त्याची किंमत २१ शिलिंग ठरली, म्हणजे पाउंडला एक शिलिंग वर. नाणं कधीच बंद झालं पण रेसच्या घोड्यांचे लिलाव इथे अजून गिनीत बोलले जातात, आताच्या हिशोबाने एक गिनी म्हणजे एक पाउंड पाच पेन्स. आपल्याकडे आहेरात शंभरावर एक रुपया ठेवतात ना, मला नेहमी ते आठवतं हे वाचलं की.

म्हणीत पाउंड आणि पेनी भरपूर आहेत, सगळ्या सांगत नाही, ऐकू येतात तेवढ्या सांगते. पेनी वाइज, पाउंड फूलिश म्हणजे बारीकसारीक पैसे वाचवायचे आणि मोठ्या जागी घालवायचे. इन फॉर अ पेनी, इन फॉर अ पाउंड म्हणजे सुरुवात केलीच आहे तर आता पूर्ण करू, आपलं उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं हे तिथे अगदी फिट्ट बसतं. लुक आफ्टर द पेनीज म्हणजे पै पै जोड. द पेनी ड्रॉप्ड म्हणजे डोक्यात प्रकाश पडला, जुन्या मशीनमध्ये नाणं अडकायचं आणि मग खाली पडलं की मशीन चालू व्हायचं त्यावरून. स्पेंड अ पेनी म्हणजे बाथरूमला जाणं, पूर्वी सार्वजनिक संडासाला एक पेनी लागायची, म्हाताऱ्या बायका अजून म्हणतात, आमच्या दुकानात एक आजी आल्या आणि म्हणाल्या मला पेनी खर्च करायची आहे, मी त्यांना एक पेनीला काय मिळेल ते शोधायला लागले, मग सहकारी मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं. नॉट द फुल शिलिंग म्हणजे डोक्याने जरा कमी. आपल्याकडे सोळा आणे खरं म्हणतात, सोळा आणे असणं म्हणजे पूर्ण, तसाच त्यांचा शिलिंग. आणे गेले, शिलिंग गेले, बोलण्यात दोन्ही तसेच. पाउंड ऑफ फ्लेश मात्र पैशाचा पाउंड नाही, तो वजनाचा, शेक्सपियरच्या नाटकात सावकार कर्जाच्या बदल्यात अंगाचं मांस मागतो तो.

वजनाचा पाउंड आपल्याला नवा नाही, महाराष्ट्रात बेकरीत अजून एक पाउंडाचा केक, दोन पाउंडाचा केक मागतात. मोजून बघायचं तर पाउंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. इथे माणसांचं वजन अजून स्टोनमध्ये सांगतात, चौदा पाउंडचा एक स्टोन, टेन स्टोन फोर म्हणजे दहा स्टोन चार पाउंड, तिथे पण पाउंड शब्द गाळतात. म्हणून डॉक्टरकडे किलोत सांगा, घोळ नको.

आणि शेवटचे तीन पाउंड ज्यांचा पैशाशी काहीच संबंध नाही, पण कानावर पडले की गोंधळ होतो. टू पाउंड म्हणजे कुटणं, कांडणं, जोरात ठोकणं, माय हार्ट इज पाउंडिंग म्हणजे छातीत धडधडतंय. कार पाउंड म्हणजे टो करून नेलेल्या गाड्या ठेवतात ती जागा, भटक्या कुत्र्यांसाठी असते तो डॉग पाउंड, आपल्याकडच्या कोंडवाड्यासारखं. आणि तिसरा पुण्यामुंबईत अमेरिकन कंपन्यांसाठी फोनवर काम करणाऱ्यांना माहीत असेल, अमेरिकेत फोनवर प्रेस द पाउंड की म्हटलं की ते £ चं बटण शोधायचं नाही, दोन उभ्या दोन आडव्या रेघांचं ते हॅशचं बटण दाबायचं. इंग्लंडमध्ये त्याच बटणाला हॅशच म्हणतात, त्यामुळे अमेरिकेहून इकडे बदली होऊन आलेल्या आमच्या एका मैत्रिणीने इथल्या बँकेला फोनवर पाउंड की दाबली असं सांगितलं तेव्हा पलीकडची मुलगी बराच वेळ गप्प होती.